केस पेपरपलीकडची माणसं: डाऊन सिंड्रोमचा इतिहास वाचताना

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साधनं काय आहेत?" विषय कितीही चांगला असला तरी साधनं नसतील तर गाडी पुढे सरकत नाही. मग आपण साहजिकच अशा माणसांकडे वळतो ज्यांनी पत्रं लिहिली, आत्मचरित्रं लिहिली, ज्यांच्या नावाने दप्तरं भरली. पण ज्यांच्याविषयी नेहमी दुसऱ्यांनीच लिहिलं, त्यांचा इतिहास कसा लिहायचा? डॉक्टरांच्या नोंदी, शाळेचे शेरे, संस्थांची रजिस्टरं, एवढंच हाती असेल तर?

आज यासाठी एक उदाहरण घेऊ: डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांचा गेल्या दीडशे वर्षांतला इतिहास. दरवर्षी २१ मार्चला जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस असतो. त्या दिवशी या माणसांच्या कर्तृत्वाचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यापुढचा प्रश्न विचारायला हवा. हे कर्तृत्व इतकी वर्षं दिसलं का नाही? ते नव्हतंच, की ते नोंदवायची जागा कागदावर ठेवलेली नव्हती?

माझं उत्तर सुरुवातीलाच सांगते. "यांना काही जमत नाही" असं सांगणारा पुरावा बऱ्याच अंशी व्यवस्थेनेच तयार केला आणि मग तोच पुरावा दाखवून व्यवस्थेने दारं बंद ठेवली. हे पटतंय का, ते पुढची साधनं बघून तुम्हीच ठरवा.

आधी दोन ओळी विज्ञानाच्या. आपल्या पेशींत साधारणपणे ४६ गुणसूत्रं असतात. एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत आली की ती ४७ होतात, आणि त्यातून जी अवस्था निर्माण होते तिला डाऊन सिंड्रोम म्हणतात. म्हणूनच तारीख २१ आणि महिना तिसरा. शिकण्याचा वेग कमी असतो, बोलणं उशिरा येतं, जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो. हा संसर्ग नाही आणि आईबापांच्या वागण्याचं फळही नाही.

मूळ लेख वाचला का?

जॉन लँगडन डाऊन हे इंग्लंडमधले डॉक्टर. १८५८ पासून ते अर्ल्सवुड इथल्या आश्रयगृहाचे वैद्यकीय अधीक्षक होते. १८६६ मध्ये त्यांनी एक छोटा लेख लिहिला. त्या काळच्या वैद्यकीय भाषेत ज्यांना 'मूढ' म्हणत, अशा लोकांचं वांशिक वर्गीकरण करण्याचा तो प्रयत्न होता. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांनी रुग्णांची निरनिराळ्या मानववंशांशी तुलना केली आणि एका गटाला 'मंगोल' ठरवलं. शास्त्र म्हणून ही कल्पना चुकीची होती, आणि तिने पुढे जवळजवळ शंभर वर्षं नुकसान केलं.

दुय्यम ग्रंथांत डाऊन यांच्याविषयी साधारण एवढंच येतं. पण मूळ लेख छोटासा आहे, तो काढून वाचा. त्यात दोन गोष्टी सापडतात. पहिली म्हणजे, या वर्गीकरणातून त्यांना मानवजात एकच आहे असं सुचवायचं होतं. एका वंशाच्या आईबापांच्या पोटी दुसऱ्या वंशाचं रूप दिसत असेल, तर वंशांमधल्या भिंती काही पक्क्या नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. गुलामगिरीच्या समर्थनासाठी वंश मुळातच वेगळे असल्याचं सांगितलं जात होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. याच मुलांची नक्कल करण्याची हातोटी आणि विनोदबुद्धी त्यांनी टिपली आहे, आणि नीट शिकवलं तर बोलण्यात व हातांच्या कामात सुधारणा होते असंही लिहिलं आहे.

म्हणजे एकाच लेखात शिक्काही आहे आणि शिकण्याच्या क्षमतेची नोंदही. पुढच्या पिढ्यांनी शिक्का उचलला आणि नोंद सोडून दिली. साहित्याचा आढावा लिहिताना आपणही हेच करतो ना? अमक्याने तमक्याचा दिलेला संदर्भ उतरवून घेतो, मूळ कागद उघडत नाही.

डाऊन यांनी १८६८ मध्ये लंडनजवळ नॉर्मन्सफील्ड नावाची स्वतःची संस्था काढली. तिथे हस्तकला होती, बागकाम होतं, आणि १८७९ मध्ये तर चक्क एक नाट्यगृह उभं राहिलं. करमणूक हा तिथल्या संगोपनाचाच भाग होता. हे नाट्यगृह आजही उभं आहे. अर्थात ती खाजगी संस्था होती, पैसेवाल्या घरांतली मुलं तिथे यायची. गरिबाघरच्या मुलाच्या वाट्याला बहुधा वेगळीच इमारत यायची, हेही विसरून चालणार नाही.

पुढे त्याच घराण्यात, डाऊन यांचे डॉक्टर पुत्र रेजिनाल्ड यांच्या घरी, १९०५ मध्ये एक मुलगा जन्मला. त्याचं नाव आजोबांचंच, जॉन. त्याला डाऊन सिंड्रोम होता. ज्या घराने या अवस्थेचं वर्णन जगापुढे मांडलं, त्याच घरातला तो नातू. 'रुग्ण' आणि 'घरचं माणूस' हे दोन शब्द एकाच व्यक्तीला लागू होतात तेव्हा लिहिण्याची भाषा बदलते का, असा एक प्रश्न तुम्हाला इथे मिळतो.

नाव बदलायला लागलेली वर्षं

१९५९ मध्ये पॅरिसमधून जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पां यांनी ४७ गुणसूत्रांचा शोध प्रसिद्ध केला. पेशी वाढवण्याचं तंत्र प्रयोगशाळेत आणलं ते गोतिए यांनी, पण कित्येक दशकं नाव मात्र लेज्यून यांचंच गाजत राहिलं. तो वाद स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्यासाठी मुद्दा असा, की कारण गुणसूत्रात सापडल्यावर 'मंगोल' या शब्दाला उरलासुरला आधारही राहिला नाही.

१९६१ मध्ये काही नामवंत आनुवंशशास्त्रज्ञांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून हा शब्द सोडून द्यावा अशी मागणी केली. सह्या करणाऱ्यांत लायोनेल पेनरोज होते, आणि डाऊन घराण्यातले नॉर्मन लँगडन-डाऊनही होते. त्यांनी तीनचार पर्यायी नावं सुचवली. त्यातून संपादकांनी 'डाऊन सिंड्रोम' उचललं. १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे हा विषय काढला आणि संघटनेच्या कागदपत्रांतून जुना शब्द गेला.

आता जरा हिशेब करा. या नामांतराच्या चर्चेत कोण कोण होतं? शास्त्रज्ञ होते, संपादक होते, एका देशाचे प्रतिनिधी होते. ज्यांना हे नाव चिकटवलं होतं, त्यांच्यातलं कुणीही नव्हतं. त्यांचा आवाज ऐकायला आणखी दोन वर्षं थांबावं लागलं.

नायजेल हंटचं पुस्तक

१९६७ मध्ये इंग्लंडमध्ये 'द वर्ल्ड ऑफ नायजेल हंट' हे छोटेखानी पुस्तक आलं. लेखक नायजेल हंट, जन्म १९४७. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीने लिहिलेलं आणि प्रसिद्ध झालेलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्याला प्रस्तावना होती पेनरोज यांची, म्हणजे १९६१ च्या पत्रावर सही करणाऱ्यांपैकी एकाची. आणि तरीही पुस्तकाच्या उपशीर्षकात लेखकाची ओळख 'मंगोलॉइड तरुण' अशीच होती. शास्त्रज्ञांनी शब्द टाकून दिला म्हणून तो बाजारातून जात नाही, याचा इतका चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

नायजेलचे वडील शिक्षक होते. कितीही जीव लावलात तरी या मुलात काही फरक पडणार नाही, असं त्या आईबापांना सांगण्यात आलं होतं. आईने ऐकलं नाही. अक्षरांचे उच्चार शिकवत तिने त्याला वाचायला शिकवलं. पुढे तो टाइपरायटर वापरायला लागला आणि स्वतःच्या प्रवासांविषयी, आवडत्या गोष्टींविषयी, घरातल्या माणसांविषयी लिहायला लागला.

इथे एक कायदेशीर संदर्भ पक्का लक्षात ठेवा. त्या वेळी इंग्लंडमध्ये बुद्ध्यांक फार कमी ठरलेल्या मुलांना 'शिक्षणास अपात्र' म्हणून शिक्षण खात्याच्या बाहेर ठेवता येत असे. ती मुलं आरोग्य खात्याकडे जायची. १९७० च्या कायद्याने हे बदललं आणि १९७१ पासून प्रत्येक मूल शिक्षण खात्याच्या कक्षेत आलं. म्हणजे नायजेलचं पुस्तक छापून दुकानात आलं तेव्हा त्याच्यासारख्या मुलांना 'शिकूच शकत नाहीत' ठरवणारी तरतूद कायद्यात शाबूत होती. लेखक दुकानात, आणि कायदा म्हणतोय की हा लेखक होऊच शकत नाही!

साधनचिकित्सा करताना तुमच्या मनात शंका येईलच, "हे खरंच त्याने लिहिलं असेल का? आईवडिलांनी हात फिरवला नसेल कशावरून?" शंका रास्त आहे. संपादन कुणी केलं, किती केलं, हे विचारलंच पाहिजे. फक्त मग तीच फूटपट्टी सगळीकडे लावा. मोठमोठ्या पुढाऱ्यांची आत्मचरित्रं लेखनिकांनी शब्दांकित केलेली असतात आणि ती आपण बिनदिक्कत प्राथमिक साधन म्हणून वापरतो. 'शब्दांकन' हा शब्द मुखपृष्ठावर असला तरी आपला विश्वास कमी होत नाही. नायजेलच्या बाबतीतच पुराव्याची पातळी वाढवायची असेल, तर ती चिकित्सा राहत नाही, जुना शिक्काच नव्या भाषेत येतो.

शब्द नसलेलं साधन

नायजेलने निदान लिहून ठेवलं. जी व्यक्ती लिहीत नाही आणि बोलतही नाही, तिचं काय?

ज्यूडिथ स्कॉट यांचा जन्म १९४३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. जॉईस ही त्यांची जुळी बहीण. ज्यूडिथला डाऊन सिंड्रोम होता, जॉईसला नव्हता. सात वर्षांपर्यंत दोघी एकत्र वाढल्या. १९५० मध्ये ज्यूडिथला सरकारी संस्थेत ठेवण्यात आलं. तिथे तिची चाचणी झाली आणि 'शिक्षणास अपात्र' असा शेरा बसला. ती चाचणी तोंडी प्रश्नोत्तरांची होती आणि ज्यूडिथला ऐकू येत नव्हतं. हे बहिरेपण कित्येक वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

इथे जरा थांबा. समजा तुम्ही त्या संस्थेच्या दप्तरात बसला आहात आणि तुमच्या हातात तो शेरा आला. कागद अस्सल आहे. तारीख आहे, सही आहे, शिक्का आहे. बहिःपरीक्षणात तो शंभर टक्के पास होतो. आणि त्यात लिहिलेलं साफ चुकीचं आहे. कागद खरा असणं आणि कागदातली गोष्ट खरी असणं यातला फरक आपण पुस्तकात वाचलेला असतो. इथे त्या फरकाने एका बाईची पस्तीस वर्षं खाल्ली.

१९८०च्या दशकाच्या मध्यात जॉईसने कायदेशीर पालकत्व मिळवून बहिणीला कॅलिफोर्नियात आणलं. १९८७ मध्ये ज्यूडिथ ओकलंडमधल्या 'क्रिएटिव्ह ग्रोथ' या दिव्यांगांच्या कलाकेंद्रात जायला लागली. पहिली जवळपास दोन वर्षं काही विशेष घडलं नाही. चित्रकलेत मन रमेना. मग सिल्व्हिया सेव्हंटी या धागाकाम करणाऱ्या कलावतीच्या वर्गात तिच्या हाती सूत आणि कापडाच्या पट्ट्या आल्या. त्यानंतर ती थांबलीच नाही. सापडेल ती वस्तू आत ठेवायची आणि तिच्याभोवती दोरे, लोकर, चिंध्या गुंडाळत, गाठी मारत जायचं. एकेका कामाला कित्येक आठवडे लागायचे. २००५ मध्ये तिचं निधन झालं तोवर सुमारे दोनशे शिल्पं तयार झाली होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिचं काम आहे, आणि ब्रुकलिन संग्रहालयाने २०१४ मध्ये तिच्या कामाचं मोठं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं.

ज्यूडिथने स्वतःच्या कामाविषयी कधी शब्दही सांगितला नाही. समीक्षक त्या गुंडाळलेल्या आकारांत जुळ्या बहिणीची ताटातूट बघतात. असेल, नसेलही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आपल्याला सांगता येईल ते एवढं: तिने रंग निवडले, ताण निवडला, काम कधी पुरं झालं ते स्वतः ठरवलं. निर्णयांची ही मालिका शिल्पात दिसते. ती साधन आहे, आणि १९५० च्या त्या शेऱ्यापेक्षा ज्यूडिथविषयी ती जास्त खरं सांगते.

यश आलं म्हणून ती पस्तीस वर्षं भरून निघत नाहीत, हेही तितकंच खरं. त्याच संस्थेत तिच्याबरोबर असलेल्या आणि ज्यांना कुणी बाहेर काढलं नाही, अशा माणसांच्या हातांत काय होतं ते आता कळायचा मार्ग नाही.

आकडा कशाचा आहे?

आता संख्यात्मक साधनाकडे येऊ. २००२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्येच एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या मृत्यूच्या दाखल्यांवरून सुमारे १८ हजार डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींची माहिती तपासली होती. १९८३ मध्ये मृत्यूसमयीचं मध्यक वय २५ वर्षं होतं, १९९७ मध्ये ते ४९ झालं. चौदा वर्षांत जवळपास दुप्पट.

गुणसूत्रं चौदा वर्षांत बदलत नाहीत. मग बदललं काय? लहानपणीच हृदयाच्या शस्त्रक्रिया व्हायला लागल्या, मुलं मोठ्या संस्थांतून घरी राहायला लागली, आजारी पडली तर उपचार नाकारले जाण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणजे "ही मुलं फार जगत नाहीत" हे वाक्य निसर्गाचं वर्णन म्हणून सांगितलं जात होतं, आणि त्यात उपचार न देण्याच्या सवयीचा मोठा वाटा होता.

शंका असेल तर त्याच दाखल्यांच्या आधारे मांडलेला आणखी एक आकडा बघा. १९९७ मध्ये अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या गोऱ्या व्यक्तींचं मृत्यूसमयीचं मध्यक वय ५० होतं. कृष्णवर्णीयांचं २५. इतर वंशीयांचं ११. गुणसूत्र तेच, देश तोच, वर्ष तेच. फरक कुठला, हे वेगळं सांगायला नको. (मध्यक आणि आयुर्मान एकच नव्हे, आणि लोकसंख्येची वयरचना वेगळी असली तर मध्यक हलतो, हे तक्ता वापरताना जरूर लिहा. पण ५० आणि ११ यांच्यातली दरी समजून घ्यायला समाजाकडेच बघावं लागतं.)

उपचार नाकारणं म्हणजे काय, त्याचं एक प्रसिद्ध प्रकरण आहे. एप्रिल १९८२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन इथे एक बाळ जन्मलं. कोर्टाच्या कागदांत त्याला 'बेबी डो' म्हटलंय. बाळाला डाऊन सिंड्रोम होता आणि अन्ननलिका पोटाला जोडलेली नव्हती. शस्त्रक्रियेने हा दोष दुरुस्त होऊ शकत होता. शस्त्रक्रिया करायची नाही असं पालकांनी ठरवलं, न्यायालयाने तो निर्णय मोडला नाही, आणि काही दिवसांत बाळ गेलं. दत्तक घ्यायला लोक तयार होते. या प्रकरणावरून देशभर वाद उसळला आणि १९८४ मध्ये केंद्रीय कायद्यात बदल झाला.

साधनांवर कुणी विश्वास ठेवला आणि कुणी नाही, हा प्रश्न केवळ प्रबंधापुरता नसतो, तो असा. "हे मूल पुढे काय करणार?" या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीतल्या मोठ्या माणसांनी कुठल्यातरी पुस्तकातून, कुठल्यातरी शेऱ्यातून घेतलेलं असतं.

'पहिला' म्हटलं की सावध

आता कर्तृत्वाच्या याद्यांकडे. पाब्लो पिनेदा, स्पेनमधल्या मालागाचे, जन्म १९७४. डाऊन सिंड्रोम असून विद्यापीठाची पदवी मिळवणारे युरोपातले पहिले म्हणून त्यांचं नाव घेतात. २००९ मध्ये एका चित्रपटातल्या भूमिकेसाठी सान सेबास्तियान महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. अमेरिकेचा क्रिस निकिक नोव्हेंबर २०२० मध्ये आयर्नमॅन शर्यत पूर्ण करणारा डाऊन सिंड्रोम असलेला पहिला खेळाडू ठरला. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, वर ४२ किलोमीटर धावणं, आणि सगळं मिळून १७ तासांच्या आत. त्याला १६ तास ४६ मिनिटं लागली.

ही माणसं थोर आहेत यात वादच नाही. पण 'पहिला' हा शब्द आला की इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरा प्रश्न विचारावा: याच्याआधी दार बंद का होतं, आणि उघडलं कधी? स्पेनमध्ये सर्वसाधारण शाळांत दिव्यांग मुलांना सामावून घेण्याचं धोरण १९८०च्या दशकात आलं. अमेरिकेत सर्व दिव्यांग मुलांना सार्वजनिक शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १९७५ चा. मिचेल लेविट्झ आणि जेसन किंग्जली हे दोघे अमेरिकन तरुण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मले, म्हणजे शाळेच्या वयाचे झाले तेव्हा दार नुकतंच उघडलं होतं. १९९४ मध्ये दोघांनी मिळून 'काउंट अस इन' हे पुस्तक लिहिलं. जेसन जन्मला तेव्हा त्याला संस्थेत ठेवून द्या, असा सल्ला डॉक्टरांनी दिला होता. त्या डॉक्टरांना आपण काय सांगू, हे त्याने या पुस्तकात लिहिलंय. केस पेपरमधला विषय केस पेपर लिहिणाऱ्याला उत्तर देतो, असं साधन दुर्मीळ असतं.

दार उघडल्यापासून वीसेक वर्षांत लेखक तयार होतात. ही कालरेषा मांडली की 'चमत्कार' हा शब्द आपोआप गळून पडतो. आणि एक धोकाही टळतो. फक्त पदवीधर, खेळाडू आणि कलावंत मोजले, तर ज्यांना असं काही जमत नाही त्यांच्या आयुष्याला किंमत नाही असा अर्थ निघतो. घरात पाणी भरणारा, दुकानात बापाबरोबर बसणारा, आजीला रोज औषधाची आठवण करणारा माणूस त्या यादीत येत नाही. इतिहासात मात्र यायला हवा.

आपल्याकडे कुठे शोधाल?

मुंबईत शिवडीला जय वकील शाळा आहे. तिची सुरुवात १९४४ ची. वकील कुटुंबातल्या दीना या मुलीला डाऊन सिंड्रोम होता. तिच्यासाठी जागा नव्हती, म्हणून आई जय वकील यांनी घरातच शाळा सुरू केली. इंग्लंडमध्ये प्रत्येक मुलाला शिक्षणाच्या कक्षेत आणणारा कायदा व्हायला अजून २६ वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट.

आता यातून प्रबंधाचे प्रश्न काढा बघू. संस्थेचा इतिहास साहजिकच संस्थापकांच्या नावाने लिहिला जातो. पण दीनाला मध्ये ठेवून तोच इतिहास लिहिला तर? तिचा दिवस कसा जायचा, ती काय शिकली, तिच्याबरोबर बसणारी दुसरी मुलं कुठल्या घरांतली होती? शहरातली, पारशी घरातली एक मुलगी शाळेला कारण ठरते, त्याच वेळी विदर्भातल्या किंवा कोकणातल्या खेड्यात तशीच मुलगी कुठे असेल आणि तिची नोंद कुठे सापडेल?

नोंदीचा प्रश्न आपल्याकडे सोपा नाही. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार विचारले होते. डाऊन सिंड्रोम हा वेगळा रकाना त्यात नव्हता. तो 'मतिमंदत्वा'त मिसळून गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात भाषा बदलली, 'बौद्धिक दिव्यांगत्व' आलं. म्हणजे तुम्ही अभिलेखागारात 'डाऊन सिंड्रोम' शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. जुन्या मराठी कागदांत वेडसर, खुळा, मतिमंद, गतिमंद असे शब्द शोधावे लागतील, आणि त्यांतून नेमकं कोण अभिप्रेत आहे हे प्रत्येक वेळी तपासावं लागेल. शब्द आज अपमानकारक आहे म्हणून शोधयादीतून काढू नका. तो उद्धृतात ठेवा, तुमच्या स्वतःच्या वाक्यात वापरू नका.

आराखडा लिहिण्याआधी

या सगळ्यातून कामाच्या चार गोष्टी सांगते.

एक, प्रत्येक नोंदीला विचारा: ही कुणी लिहिली, कशासाठी लिहिली, आणि लिहिणाऱ्याने काय तपासलंच नाही? ज्यूडिथच्या बाबतीत कान तपासले नव्हते.

दोन, ज्या व्यक्तीचा इतिहास लिहिताय तिने स्वतः मागे ठेवलेलं काहीतरी शोधाच. वही, शिवणकाम, फोटोमागचं अक्षर, कार्यक्रमात म्हटलेल्या गाण्याची ध्वनिफीत. घरातल्या ट्रंका आणि शाळांची कपाटं ही तुमची अभिलेखागारं आहेत.

तीन, मौखिक इतिहास घेताना फक्त आईवडिलांची मुलाखत घेऊन परत येऊ नका. डाऊन सिंड्रोम असलेली व्यक्ती समोरच बसलेली असते, आणि आपण तिच्याविषयी तिच्या आईला विचारत राहतो. प्रश्न छोटे ठेवा, फोटो दाखवून विचारा, उत्तराला वेळ द्या, दोनतीन बैठका करा. संमतीचा कागद तिला समजेल अशा सोप्या मराठीत करा आणि तिचीही सही घ्या. तुमच्या नीतिशास्त्र समितीने फक्त पालकांची सही मागितली असली तरी.

चार, संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये ठराव करून २०१२ पासून २१ मार्च हा दिवस पाळायला सुरुवात केली. त्यामुळे त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत लेख येतात, शाळांत कार्यक्रम होतात. हे सगळं कात्रण म्हणून जपून ठेवा. कोणाचं नाव छापलं, कोणाचं उद्धृत घेतलं, फोटोखालच्या ओळीत मुलाचं नाव आहे की फक्त पाहुण्यांचं, हे दरवर्षी नोंदवत गेलात तर पाचसहा वर्षांत तुमच्याकडे एक चांगला शोधनिबंध होईल एवढी सामग्री जमेल.

कार्यक्रमाला गेलात तर एवढं करा: स्टेजवरच्या मुलामुलींची नावं त्यांनाच विचारून, नीट लिहून आणा. त्यांनी काय केलं तेही तारखेसकट लिहा. पुढच्या संशोधकाला तो कागद लागणार आहे.